वशिंडावरचा हात

१

एकतीस डिसेंबरच्या सकाळी नऊ वाजता देवणीतला एक मेलेला माणूस अंगणात बाजेवर बसून बशीतून चहा पीत होता. त्याच्या दारात वलांडीचे सुदाम पाटील झेंडूचा हार घेऊन उभे होते, आणि तो हार आता कुठं ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं.

हे त्यांनीच लातूरला फोन करून कळवलं. 'दैनिक मन्याडवार्ता'च्या लातूर कचेरीत फोन उचलला राजकन्या तोटेवाडनं.

"म्याडम, तुमच्या पेपरानं गुरुपादप्पाला मारलं," सुदाम पाटील म्हणाले. "मानूस तर चहा पिऊन राहिलाय."

राजकन्येनं टेबलावरचा ताजा अंक उघडला. गेली बावीस वर्षं त्या पेपरात ती बाजारभावापासून बारशापर्यंत सगळं करत आली, पण जीव होता तो एका पानात. ते पान वर्षातून एकदाच निघायचं, सालाच्या शेवटच्या दिवशी. नाव होतं 'सरत्या सालानं नेलेली माणसं'. नांदेड-लातूरकडची त्या वर्षी गेलेली मोठी माणसं तिथं एकेका चौकटीत येत. लोक ते पान जपून ठेवत. म्हातारी मंडळी तर थट्टेनं म्हणत, की डॉक्टरनं सांगितलं म्हणून माणूस मरत नसतो, राजकन्याबाईच्या पानावर आला की मग तो खरा गेला.

यंदा चौदा जण होते. एक माजी आमदार, लातूरचे एक नावाजलेले डॉक्टर, माहूरच्या गडावर चाळीस वर्षं संबळ वाजवलेला एक गोंधळी, असे तेरा. चौदावे देवणीचे गुरुपादप्पा कल्लुरे, जे चहा पीत होते.

दहा मिनिटांत नांदेडहून संपादक आनंदराज सरांचा फोन आला. ते ओरडले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. जिवंत माणसाला मारलं म्हणजे पेपरची इज्जत गेली, असं ते शांतपणे म्हणाले. हे कुणी केलं त्याचं नाव संध्याकाळी पाचपर्यंत हवं, उद्या नावासकट माफी छापायची. नाव मिळालं नाही तर देवणीचं पाकीट शिवकुमारकडून आलंय, तेव्हा नाव त्याचंच जाईल आणि तोही जाईल.

शिवकुमार चिल्लरगे हा देवणीचा बातमीदार. एकोणीस वर्षं झाली. मानधन म्हणाल तर चहापाण्यापुरतं, पोट भरायचं ते झेरॉक्सच्या दुकानावर. पण तालुक्यात त्याला 'पत्रकार' म्हणत, आणि तेवढ्या एका शब्दावर तो ताठ मानेनं चालायचा. तो शब्द काढून घेतला तर माणूस उभ्या उभ्या वाळून जाईल, हे राजकन्येला ठाऊक होतं.

तिनं देवणीचं पाकीट ड्रॉवरमधून काढलं. पाकिटाला हात लावतानाच तिला एक गोष्ट आठवली. पान छपाईला जाण्याआधी प्रत्येक घरी फोन करून खात्री करायची, हा तिचा बावीस वर्षांचा नेम. यंदा तिनं चौदापैकी तेराच घरी फोन केला होता.

२

हा नेम तिनं हौसेनं लावून घेतला नव्हता. तिचा बाप पिराजी किनवटकडं रेल्वेत गँगमन होता. तो गेला तेव्हा ती आश्रमशाळेच्या वसतिगृहात सातवीत शिकत होती. सांगावा दोन दिवसांनी पोचला, आणि तोही 'बाप आजारी आहे' असा. घरी पोचली तेव्हा बापाच्या जागी फक्त त्याची शिट्टी आणि हिरवा झेंडा भिंतीला टांगलेला होता. मरणाची बातमी वेळेवर यावी आणि खरी असावी, एवढंच तिला पुढं आयुष्यभर कळलं.

आणि तरी यंदा चौदाव्या घराचा नंबर पाकिटात नव्हता, पान लावणारा खोळंबला होता, शिवकुमारचं पाकीट म्हणजे खात्रीचंच, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं.

तालुक्यातली पाकिटं अजूनही एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती येत. मोबाइलवरून आलेले फोटो छपाईत भुतासारखे दिसतात म्हणून राजकन्या मूळ फोटोच मागवून घ्यायची. तिनं तो कागद पुन्हा वाचला. वहीचं पान, निळी शाई.

'देवणीचे गुरुपादप्पा कल्लुरे. ढोरांच्या दवाखान्यात चौतीस वर्षं ड्रेसर. जनावर उभं राहिल्याशिवाय घरी येऊन जेवले नाहीत. जर्सीच्या नादानं लोक देवणी वळू खाटकाला द्यायला निघाले, तेव्हा सव्वीस गावं पायी फिरून हातापाया पडून अकरा वळू राखायला लावले. आज तालुक्यात जी शुद्ध देवणी दिसते ती त्या अकरांची. कुठल्याही वासराच्या सात पिढ्या तोंडपाठ. बक्षिसं आणि शाली दुसऱ्यांना मिळाल्या, यांनी तोंड वाकडं केलं नाही. सकाळी उठून आधी गोठा, मग देव. असा माणूस देवणीला लाभला.'

अक्षरं गोल गोल होती आणि त्यांच्या डोक्यावर रेघ नव्हती. घाईत लिहिणारी बातमीदार मंडळी असंच बिनरेघेचं लिहितात. शिवकुमारही तसाच लिहायचा.

मग तिनं फोटो पाहिला. तिशी-पस्तिशीचे गुरुपादप्पा, कपाळावर भस्माचे पट्टे, शेजारी काळ्या तोंडाचा पांढराशुभ्र वळू. फोटोची उजवी बाजू कात्रीनं कापलेली होती. कापलेल्या कडेशी, बैलाच्या वशिंडावर, एक हात तेवढा उरला होता. बाईचा हात, मनगटात बांगड्या, अंगठा किंचित बाहेर वाकलेला. पानावर मेलेल्या माणसाबरोबर जिवंत माणूस छापायचा नाही हा पेपरचा नियमच होता, त्यामुळं लोक फोटो कापूनच पाठवत. त्यात नवल नव्हतं.

नवल फोटोच्या मागं होतं. बाकी तेरा फोटोंच्या पाठीवर न चुकता लिहिलेलं होतं, 'फोटो परत करावा'. माणूस गेलेल्या घराला त्या फोटोची किंमत सोन्यापरीस असते, त्याला हार घालून भिंतीवर लावायचा असतो. या फोटोची पाठ कोरी होती.

ज्याला फोटो परत नको, तो घरचा नव्हे. राजकन्येनं कागद आणि फोटो पर्समध्ये टाकले आणि उदगीरमार्गे देवणीला जाणारी एस.टी. धरली. खिडकीशी बसून तिनं एकच प्रार्थना केली, की ते अक्षर शिवकुमारचं नसावं.

३

शिवकुमारनं दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं. सकाळपासून गावानं त्याला सळो की पळो केलं होतं. राजकन्येला बघताच त्याचे डोळे भरून आले, पण त्यानं आधी स्टूल पुसून पुढं केलं.

त्याचं म्हणणं साधं होतं. तालुक्यातली तीन माणसं यंदा गेली, त्यांचे मजकूर त्यानं स्वतः लिहिले. पाकीट चार दिवस काउंटरवर उघडंच पडलेलं असायचं, घरची माणसं येऊन फोटो त्यात टाकून जायची. सव्वीस तारखेला मावसभावाच्या लग्नाला जायची घाई होती, तेव्हा आत काय आहे ते न बघताच त्यानं पाकीट डकवून कंडक्टरच्या हवाली केलं.

"एवढा कसूर माझा," तो म्हणाला. "पन ते लिवलेलं माझं न्हाई, ताई. रेघ मीबी देत न्हाई, पन माझी अक्षरं काटकुळी असतात. ही बघा की कशी जिलबीवानी हायत."

त्या चार दिवसांत दुकानात कोण कोण आलं, असं राजकन्येनं विचारलं. तीन घरची माणसं सोडून दोघंच त्याला आठवत होती. सुदाम पाटील प्रदर्शनाचा अर्ज भरायला आले होते, काउंटरवर बसून तासभर काहीतरी लिहीत होते. आणि कल्लुऱ्यांच्या पार्वतम्मा, म्हणजे गुरुपादप्पांच्या घरच्या, दवाखान्याच्या कागदांची झेरॉक्स काढायला आल्या होत्या. कात्री तर काउंटरला दोरीनं बांधलेलीच असायची, येईल तो कापून जाई.

मग शिवकुमारनं तो कागद उलटसुलट पाहिला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"ताई, हे आमच्यातल्या मानसाचं काम न्हाईच. आमी लिंगायत लोक. आमच्यात मानूस गेला की नावाआधी 'लिंगैक्य' लागतं. मातीत कुठं ठेवला, समाधी कुठं दिली, ते सांगावं लागतं. अडाण्यातला अडानीबी ते इसरत न्हाई. हितं त्यातलं कायबी न्हाई. हे बाहेरच्यानं लिवलंय."

बाहेरचा एकच होता. उदगीरच्या जनावरांच्या प्रदर्शनात गेल्या वर्षी पंच म्हणून बसलेल्या गुरुपादप्पांनी सुदाम पाटलांच्या बैलाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि हजार माणसांदेखत सांगितलं, की ह्यात भेसळ आहे. पाटलांचं पहिलं बक्षीस गेलं. "तुझं नावच पुसून टाकतो," असं पाटील तिथंच ओरडले होते. ते शिवकुमारनं स्वतः ऐकलं होतं आणि पेपरात छापलंही होतं.

४

सुदाम पाटील स्टँडसमोरच्या हॉटेलात बसले होते. झेंडूचा हार बाकावर शेजारी ठेवलेला होता, जसा काही सोबतीला आलेला पाहुणाच.

राजकन्येनं आडपडदा ठेवला नाही. शिवकुमारच्या दुकानात तासभर बसून काय लिहिलंत, असं तिनं सरळ विचारलं. पाटलांनी खिशातून अर्जाची पोच काढून टेबलावर ठेवली. यंदाच्या प्रदर्शनाचा अर्ज, बैलाच्या चार पिढ्या लिहायच्या होत्या आणि दोनच आठवत होत्या, म्हणून तास लागला. अक्षर त्यांचं नांगरटीसारखं होतं, आणि प्रत्येक शब्दावर जाडजूड रेघ.

भांडणाचं त्यांनी नाकारलं नाही. वर्षभर त्या माणसाचं तोंड पाहिलं नाही, असं म्हणाले. मग आज सकाळी पेपर वाचला.

"मला ह्यातलं निम्मंबी म्हाईत नव्हतं," पाटील म्हणाले. "नुसता ढोराच्या दवाखान्यातला ड्रेसर समजत व्हतो मी त्याला. ते अकरा वळू, म्याडम, त्यातला एक माझ्या आज्याच्या दावनीला व्हता. कोन मानूस आज्याच्या पाया पडला व्हता ते आमाला कुनी सांगितलंच न्हाई. मला लई लाज वाटली. म्हनलं, जित्तेपनी न्हाई तर न्हाई, मेल्यावर तरी हार घालून येऊ."

ते रडत नव्हते, हाराची पाकळी न् पाकळी खुडत होते. ज्याला मजकुरातलं निम्मं माहीत नाही त्यानं तो मजकूर लिहिलेला नसतो. राजकन्येनं मनातल्या मनात त्यांचं नाव खोडलं.

घड्याळात पावणेदोन झाले होते. तिनं चहा मागवला आणि कागद पुन्हा समोर धरला. शिवकुमार म्हणतो बाहेरच्याचं काम. पण बाहेरच्याला 'घरी येऊन जेवले नाहीत' हे कुठून कळणार? आणि बाहेरच्यानं लिहिलं असतं तर 'लिंगैक्य' नाही, पण 'निधन झाले' एवढं तरी लिहिलं असतं. तो शब्द कुठं होता? ती पहिल्या ओळीपासून बोट ठेवत निघाली. वारले नव्हतं. कालवश नव्हतं. तारीख नव्हती. शेवटच्या ओळीपर्यंत पोचली.

त्या मजकुरात मरण कुठंच नव्हतं. मारलं होतं ते तिच्या पानाच्या नावानं.

म्हणजे लिहिणाऱ्यानं खोटं एक अक्षरही लिहिलं नव्हतं. त्यानं जिवंत माणसाचं जिवंत वर्णन केलं आणि ते मेलेल्यांच्या पाकिटात टाकलं. 'लिंगैक्य' राहून गेला तो माहीत नव्हता म्हणून नव्हे. इतक्या जवळच्या माणसाला तो माहीत असणारच. तो लिहवला नव्हता. आणि फोटो परत नको होता, कारण तो भिंतीवर लावायची वेळ अजून आली नव्हती.

राजकन्येनं चहा तसाच टाकला आणि कल्लुऱ्यांचं घर विचारलं.

५

गुरुपादप्पा बाजेवरच होते. फोटोतल्या माणसाचा आता नुसता सांगाडा उरला होता, पण कपाळावरचे भस्माचे पट्टे तसेच ठसठशीत होते. मांडीवर पेपर पसरलेला, एका हातात भिंग, दुसऱ्यात पेन्सिल.

पेपरवाली आली म्हटल्यावर ते हसले आणि बाजेवर सरकून तिला जागा दिली. राजकन्येनं हात जोडून माफी मागायला सुरुवात केली, ती त्यांनी अर्ध्यातच थांबवली.

"माफीचं ऱ्हाऊ द्या बाई. माझं मरान छापलं, ते आठ-पंधरा रोज आधी छापलं, बास. त्याचं कायबी न्हाई. पन बैलाचं चुकलं की."

त्यांनी पेन्सिलीनं खूण केलेली ओळ दाखवली. फोटोखाली 'बालंक्या जातीच्या वळूसह' असं छापलं होतं. ते राजकन्येनंच लिहिलं होतं, मोबाइलवर कुठंतरी वाचून, आपल्याला जनावरातलं कळतं अशा थाटात. बालंक्याला पोटाशी काळे ठिपके असतात, अप्पांनी समजावलं. आणि ज्याचं तोंड वानरासारखं काळं तो वानेरा. हा बसवा होता, अकरांतला पहिला, अस्सल वानेरा. त्याच्या नावाला असा डाग लागायला नको होता.

तिनं ती दुरुस्ती लिहून घेतली. मग अप्पांनी आवाज खाली आणला. घरात कुणाला सांगू नका, असं आधी बजावलं. लातूरच्या डॉक्टरनं काय सांगितलंय ते त्यांना कळलेलं होतं, पण बायकोला वाटत होतं की त्यांना कळलेलं नाही, आणि तेच बरं होतं.

"दरसाल ह्ये पान मी वाचतो," ते म्हणाले. "डाक्टर येतात, सायब येतात, आमदार येतात. मला वाटायचं, ढोराच्या जखमा धुनाऱ्याचं कोन लिवतंय. आज लिवलं. पाच डाव वाचलं मी सकाळपासून." मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि तिच्याकडं सरळ पाहिलं. "एकच इचार करून राहिलोय. मी घरी येऊन जेवत नव्हतो, ह्ये तुमच्या पेपरला कसं कळलं? कोन म्हनलं?"

हे ताट वाढून वाट बघत बसलेल्या बाईलाच ठाऊक असणार, हे राजकन्येला कळलं. या एका प्रश्नात सगळं होतं. खरं सांगितलं तर शिवकुमार वाचत होता, पण मग तो मजकूर नुसतं बायकोनं केलेलं कौतुक होऊन जात होता, आणि या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा जगानं म्हटलेलं 'शाबास' पाच वाजायच्या आत काढून घेतलं जात होतं. बावीस वर्षांत तिनं मरणाच्या पानाविषयी एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.

"गावात विचारलं, अप्पा," ती म्हणाली. "सगळे हेच सांगतात."

"सगळे?"

"हाव. सगळे."

त्यांनी मान हलवली, डोळे मिटले आणि पेपर छातीवर ओढून घेतला.

६

पार्वतम्मा गोठ्यात होत्या. सत्तरीची बाई, कपाळाला भस्म आणि त्याखाली रुपयाएवढं कुंकू. एका गाभण गाईच्या वशिंडावर हात ठेवून त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या. बांगड्या बदलल्या होत्या, कातडी सुरकुतली होती, पण अंगठा तसाच किंचित बाहेर वाकलेला होता.

राजकन्येनं पर्समधून फोटो काढला आणि काही न बोलता त्या हाताशेजारी धरला.

पार्वतम्मांनी नाकारलं नाही. शाळा भालकीला कानडीत चार इयत्ता झालेली, मराठी लिहायला त्या लग्नानंतर नवऱ्याकडूनच शिकल्या, अक्षरं कानडीसारखी गोलच राहिली, डोक्यावर रेघ द्यायची सवय काही लागली नाही. दवाखान्याचे कागद झेरॉक्सला नेले तेव्हा डॉक्टरचे शब्द कानात होते, संक्रांत निघणं कठीण. काउंटरवर ते पाकीट उघडं दिसलं. कात्री तिथंच होती. मजकूर मात्र महिन्याभरापासून लिहून, फोटोसकट पिशवीत होता.

"अव्वा, एक शब्द राहिला," राजकन्या हळूच म्हणाली.

"ऱ्हायला न्हाई, बाई. लिवाया बसले व्हते. हात उठला न्हाई. कपाळावर कुंकू ठेवून त्यो शब्द कसा लिवू मी?"

मग असं करायचंच कशाला, जिवंतपणीच छापायला का नाही सांगितलं, असं राजकन्येनं विचारलं. 

"सांगितलं की. दिवाळीच्या आधी तुमालाच फोन केला व्हता. दोनदा. तुमी म्हनलं, अव्वा, बातमीला निमित्त लागतं. बक्षीस मिळालं का, सत्कार हाय का. मी म्हनलं, तसं कायबी न्हाई, मानूस जाऊन राहिलाय, त्याला एकदा वाचू द्या. तवा तुमी म्हनलं, गेल्यावर छापू की, गेल्यावर आपन सगळ्यांचंच छापतो." त्यांनी गाईच्या पाठीवरचा हात काढला नाही. "गेल्यावर त्यो वाचनार हाय का, बाई?"

राजकन्येला तो फोन आठवला. दिवाळी अंकाच्या जाहिराती चालू होत्या, कानाला फोन होता आणि हात दुसरीकडं. तिनं ते वाक्य चांगुलपणानंच म्हटलं होतं. आपल्या बापाविषयी कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत म्हणून जिनं मेलेल्यांचं पान जन्मभर सांभाळलं, तिनंच एका जिवंत माणसाला ताटकळत ठेवलं होतं. ती गोठ्याच्या दगडावर बसली आणि शेणामुताच्या त्या वासात ओक्साबोक्शी रडली. पार्वतम्मांनी तिला उगी केलं नाही, पण पदर पुढं केला.

"पोलिसात देनार का मला?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. "द्या. पन त्यास्नी सांगू नका, मी लिवलं म्हनून."

साडेचार वाजले होते.

७

राजकन्येनं गोठ्याबाहेर येऊन नांदेडला फोन लावला. नाव मिळालं का, आनंदराज सरांनी विचारलं.

"मिळालं, सर. राजकन्या तोटेवाड."

 पुरावा काय, असं सरांनी विचारलं. तिनं सांगितलं, की मजकूर कुणीही पाठवो, त्यात माणूस मेला असं कुठं लिहिलेलंच नव्हतं. खात्रीचा फोन करायचं काम माझं होतं. मी केला नाही. जिवंत माणसाला त्या पानावर मीच नेऊन बसवलं. मजकूर पाठवणाऱ्याचं नाव सरांनी आणखी दोनदा मागून पाहिलं, पण ती बधली नाही.

एक जानेवारीच्या अंकात पहिल्या पानावर चौकट आली. 'श्री. गुरुपादप्पा कल्लुरे हयात आहेत. पडताळणी न करण्याची चूक पानाच्या संपादिका राजकन्या तोटेवाड यांची आहे. तसेच छायाचित्रातील वळू बालंक्या नसून वानेरा आहे. बाकी सर्व मजकूर खरा आहे.'

शेवटचं वाक्य तिनं हट्टानं घालायला लावलं होतं. सालाचं पान तिच्याकडून गेलं ते गेलंच, तिला पुन्हा बाजारभावावर बसवलं. शिवकुमार मात्र राहिला. त्यानं फोनवर सांगितलं, की अप्पांनी ती चौकट कापून घेतली, शेजारच्या चार घरी दाखवली, आणि सुदाम पाटील रोज वलांडीहून येऊन त्यांच्या पायथ्याशी बसतात, बैलांच्या पिढ्या लिहून घेतात. अकरांतल्या सातांच्या लिहून झाल्या होत्या.

नवव्या तारखेला पहाटे अप्पा गेले. संक्रांतीला पाच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी उदगीरच्या एस.टी.नं राजकन्येच्या नावानं एक पाकीट आलं. आत तोच मजकूर, पुन्हा एकदा गोल बिनरेघेच्या अक्षरांत लिहिलेला, काना-मात्रेचाही फरक न करता. सुरुवातीला नावाच्या आधी एक शब्द मावेल एवढी जागा सोडलेली होती. सोबत चिठ्ठी होती. 'मालक शेवटी म्हनले, सगळे म्हनले का गं तसं? मी म्हनलं, व्हय, सगळे. मजकुरात बदल करू नका, त्यास्नी पाठ झाला व्हता. पुढची जागा मोकळी ठेवली हाय. कुंकू पुसलं तरी हात उठंना. तुमी लिवा.'

राजकन्येनं पेन उचललं. तिचाही हात चटकन उठला नाही. मग तिनं त्या मोकळ्या जागेत 'लिंगैक्य' लिहिलं आणि त्याच्या डोक्यावर शेवटपर्यंत रेघ ओढली.

पाकिटाच्या तळाशी फोटोचा कापलेला तुकडा होता. त्यात एक तरणी बाई बैलाच्या आडून हसत होती, एक खांदा आणि अर्धी बाही तेवढी, पुढचा हात दुसऱ्या तुकड्यात राहिलेला. राजकन्येनं दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवून नीट जुळवले आणि नांदेडला फोन करून सांगितलं, की अप्पांच्या निधनाच्या बातमीत हा फोटो अख्खा जाईल. जिवंत माणूस मेलेल्याबरोबर छापत नाहीत, या नियमाची सरांनी आठवण करून दिली. माहीत आहे, ती म्हणाली, तो नियम माझाच आहे. फोटो अख्खाच छापून आला.

छपाई झाल्यावर फोटो चिकटवायला तिनं तो उलटा केला. मोठ्या तुकड्याची पाठ अजून कोरीच होती. लहान तुकड्याच्या पाठीवर, गोल गोल अक्षरांत, ताज्या शाईनं लिहिलं होतं:

फोटो परत करावा.